तीस

एक वाजून चाळीस. भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं पुढे आहे,
सगळ्यांना माहीत आहे, कोणी मागे घेत नाही.
मुरारकडून एक व्हॅन आली धुक्यातून,
बॉनेटवर झेंडूच्या माळा तशाच.
नवरदेवासाठी सजवलेली गाडी.
मागच्या सीटवर नवरदेव नव्हता.

पोराच्या डोक्यावर अजून चुंबळ होती.
वरातीत दिव्याचं झाड डोक्यावर घेऊन चालणारा,
रात्रीचे तीनशे, जेवण वेगळं.
कुणाच्या तरी मामाने आनंदात हवेत उडवलेली गोळी
हवेत राहिली नाही.
आणणाऱ्याने सफारीची बाही झटकली, म्हणाला,
हमारे यहाँ का नहीं है मैडम, बत्तीवाला है.

केसपेपर: नाव अज्ञात. वय अंदाजे सतरा.
डाव्या हासळीखाली बोटभर भोक,
बरगड्यांमध्ये नळी घातली तर
बाटली भरली, दुसरीही भरू लागली.
इशरत रक्तपेढीला फोनवर ओरडत होती,
भूलतज्ज्ञ जिन्यात होते,
आणि माझ्या बोटांखालून मानेतली नाडी
निघून गेली, न सांगता.

मग हात. तळव्यावर तळवा, कोपर सरळ.
दाबायचं, आणि छातीला परत वर येऊ द्यायचं,
पूर्ण. हे विसरतात लोक. घाईत
दाबणंच लक्षात राहतं.

दिवसभर मी हिंदीत बोलते.
हिंदीत रागावते, हिंदीत नातेवाइकांना बाजूला घेते,
स्वप्नंसुद्धा बरीचशी हिंदीत पडतात.
पण मोजते मराठीत. माझा इलाज नाही.
बालाबाईच्या बाजारातून घरी येताना
बाबांनी विजेचे खांब मोजायला लावले होते,
चुकलं की परत पहिल्या खांबापासून.
मी एकोणतीसला अडायचे.
एक उणा तीस, बाबा म्हणायचे,
एक हवाय, एवढंच लक्षात ठेव.

पलीकडून भदौरिया फुगा धरून मोजत होता, मोठ्याने, भिंडच्या सुरात.
माझे सव्वीस, त्याचे छब्बीस.
माझे सत्तावीस, त्याचे सत्ताईस.
एकोणतीस, उनतीस:
दोघांच्याही तोंडात तोच एक कमी पडलेला.
आणि तीस. तीसला आम्ही एकत्र पोचायचो.
तीस दोघांचाही तीसच.
दोन श्वास. परत एकपासून.

असं किती वेळा, ते लिहिलेलं आहे कागदावर.
माझ्या अक्षरात आहे, पण मला आठवत नाही.
आठवतं ते हे की त्याच्या मुठीत
दिव्याच्या वायरचा एक तुकडा होता, हिरवा,
आणि इशरतने तो सोडवला नाही,
त्याच्या शेजारच्या शिरेतच सुई घातली.

कुठल्याशा तीसनंतर भदौरिया बोलायचा थांबला.
फुगा हातात, डोळे मॉनिटरवर.
मी मानेवर बोटं ठेवली. होती.
बारीक, चोरटी,
उशिरा शाळेत आलेल्या मुलासारखी दारातच उभी.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
आत घ्या पटकन, मी म्हणाले. मराठीत.
कुणाला कळलं नसेल, पण सगळे हलले.

मग शस्त्रक्रिया, मग वर अतिदक्षता, सात नंबर.
आम्ही खालची माणसं. वरचं आम्हाला
विचारलं तरच कळतं. मी सकाळी
लिफ्टच्या दाराशी दोन मिनिटं उभी राहिले.
बटण दाबलं नाही.
चुंबळ काउंटरवर पडून होती; ती पिशवीत घातली,
वर लिहिलं: अज्ञात, सात नंबर. मामानं सोडली तर
ती मागायला कोणी येईल असं वाटलं म्हणून नाही,
तिथे पडलेली बघवेना.

घरचा जिना अठरा पायऱ्यांचा.
मी मोजत चढते, थकले की नेहमीच.
अठराला दार येतं, कुलूप येतं,
दुधाची पिशवी कडीला लटकलेली.
पण पाय थांबत नाहीत.
त्यांना अजून बारा हव्या असतात,
आणि वर तर
आमच्या घरच्या गच्चीशिवाय काही नाही.